वाणाची चाकं

आमच्या दाजींनी आजवर दुकानातून आणलेली एकही वस्तू दुकानदाराने दिली तशी वापरलेली नाही, आणि पुढे कधी वापरतील ही आशा मी केव्हाच सोडून दिली आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते राहतात लातूरला आणि आमचं घर नांदेडला. मधे चाकूर, अहमदपूर, लोहा एवढा सगळा रस्ता पसरलेला आहे म्हणूनच माझ्या घरातल्या वस्तू अजून धड आहेत, असं मी पूर्वी चारचौघांत म्हणायचो. वस्तू घरात आली की ती उलटीसुलटी करून बघायची, नाकातून 'हूं' असा आवाज काढायचा आणि "कंपनीला अक्कल न्हाई" असं म्हणून पान्हा शोधायला उठायचं, हा त्यांचा शिरस्ता. लग्नात आम्ही दिलेल्या पंख्याची पाती त्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात बदलली. कूलरला एवढी दांडगी मोटर बसवली की तो सुरू झाला की थरथरत थरथरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत जायचा, आणि अक्का भाकरी थापता थापता त्याला पायाने मागे ढकलायची. कुकरला कुठल्याशा खानावळीतल्या मोठ्या कुकरची जड शिट्टी लावली, तेव्हा तुरीची डाळ थेट छताला जाऊन लागली. तो पिवळा डाग अजून तिथे आहे. पाहुण्यांना तो दाखवताना दाजींच्या चेहऱ्यावर खंत म्हणून नसते. "प्रेशर बघा काय बनलं व्हतं," असं म्हणतात आणि वर बघत राहतात.

माझं नांदेडला वजिराबादेत चष्म्याचं दुकान आहे. दाजींना मी दरवर्षी चांगल्यातली चांगली फ्रेम देतो, आणि दरवर्षी ते पुढच्या खेपेला तिच्या काड्यांवर सलाईनच्या नळीचे तुकडे चढवून येतात. एवढ्यावर भागत नाही. माझ्या काउंटरपाशी उभं राहून माझ्याच गिऱ्हाइकांना सांगतात, "चष्मा ह्यांच्याकडूनच घ्या, माणूस चांगला हाय. फक्त घरी गेल्यावर नळी लावून घ्या. ह्यांच्या मालाला पकड न्हाई." सख्ख्या बहिणीचा नवरा! हाकलून देता येत नाही आणि ठेवूनही घेता येत नाही. मी अशा वेळी आतल्या खोलीत जाऊन काचा पुसत बसतो.

असा माणूस पोटापाण्यासाठी गॅरेज चालवत असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही. दाजी लातूरला फिजिक्स शिकवतात. डॉक्टर व्हायचं म्हणून किनवटपासून देगलूरपर्यंतची पोरं लातूरला खोल्या करून राहतात, आणि त्यातल्या कितीतरी पोरांना घर्षण म्हणजे काय हे दाजींनी समजावलेलं आहे. शिकवतात मात्र नामी, हे मला कबूल केलंच पाहिजे. वर्गात सायकलचं चाक घेऊन जातात. "जड चाक फिरवायला जोर जास्त लागतो. रुंद टायर रस्त्याला जास्त धरून राहतं, तिथं बी जोर जातो. आन हा जोर आभाळातून पडत न्हाई, कुठून तरी आणावा लागतो," असं सांगून ते चाक गरगर फिरवतात. त्यांचे विद्यार्थी आज डॉक्टर होऊन गावोगावी बसलेत, रस्त्यात भेटले की वाकून नमस्कार करतात. हे सगळं इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे ह्या माणसाने जे केलं ते बघून फिजिक्सने कपाळावर हात मारून घेतला असता.

अक्काला गाडी लागते. अशी तशी नाही, भयंकर लागते. एसटीत लागते, जीपमध्ये लागते, पेट्रोलच्या कारमध्ये तर दार उघडल्या उघडल्या वासानेच तिचा चेहरा पांढरा पडतो. आलेपाक, लिंबू, कागदावर बसणे, सगळं करून झालं. रेल्वे आहे, पण तिच्या वेळा माहेरी जाणाऱ्या बाईला धरून कुणी आखलेल्या नाहीत. त्यामुळे लग्नानंतर अक्का वर्षातून एक-दोनदा यायची, पहिला दिवस आडवी पडून काढायची आणि दुसऱ्या दिवशी परत जायच्या धास्तीने आडवी पडायची. चालून जात होतं. पण मग आईचा विसर सुरू झाला. आधी ती गॅस बंद करायला विसरू लागली, मग वार विसरू लागली, मग माणसं. सकाळच्या पारी, न्याहारीच्या सुमाराला ती लख्ख असायची. आम्हाला दटावायची, जुन्या गोष्टी काढायची. सूर्य जसा वर चढेल तशी ती धुरकट होत जायची. दुपारनंतर तिच्याशी बोलण्यात अर्थ नसायचा. डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढत जाणार. अक्काने फोनवर एवढंच म्हटलं, "जोवर ओळखतीय तोवर मला यायचंय रे. दर आठवड्याला यायचंय."

तेव्हा दाजींनी इलेक्ट्रिक गाडी बघितली. हिला ना वास, ना गिअरचा धक्का. चाचणी म्हणून अक्काला बसवून औशापर्यंत नेऊन आणलं. परत आल्यावर सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. अक्का म्हणाली, "मला भूक लागलीय." दाजींनी उभ्या उभ्या गाडी ठरवून टाकली.

आणि खोटं कशाला बोलू, ते पहिले काही महिने सोन्यासारखे गेले. दर रविवारी दोघं तांबडं फुटताना लातूरहून निघायचे आणि आईच्या न्याहारीला हजर व्हायचे. लातूर उंचावर, नांदेड गोदावरीकाठी; येताना उतारच उतार. एका चार्जिंगमध्ये गाडी आरामात पोचायची. दिवसभर माझ्या ओसरीतल्या प्लगला लावून ठेवली की संध्याकाळी चढाला तयार. दाजी फाटकातून आत आले की राम राम नंतर, आधी आकडा. "मेव्हणे, बत्तीस टक्के उरली!" टक्क्यांचा त्यांना असा नाद लागला की जगातली प्रत्येक गोष्ट ते टक्क्यांत मोजू लागले. पोळी ऐंशी टक्के भाजली. मेव्हणे, तुमचं माझ्याकडं चाळीस टक्केच ध्यान हाय. जाताना चपला घालता घालता म्हणायचे, "आज सासूबाई सत्तर टक्के व्हत्या." मला ह्याची अशी चीड यायची! आई म्हणजे काय बॅटरी आहे? पण अक्का ते ऐकून समाधानाने गाडीत बसायची, म्हणून मी तोंड मिटून घ्यायचो.

मग अधिक महिना आला. लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे करून घालायचे आणि जावयाला नारायण समजून वाण द्यायचं, ही आपल्याकडची रीत. कुणी चांदीची वाटी देतं, कुणी अंगठी, कुणी कपडे. आम्ही दोघांना धोंड्याला बोलावलं त्या रविवारी सकाळी आई शंभर टक्के होती. पाहा, मलाही ती खोड लागली. फाटकाशी उभी राहून बराच वेळ गाडी न्याहाळत होती. मग मला म्हणाली, "एवढी चांगली गाडी, आन चाकं बघ. हातगाड्याची बरी. जावईबापूंना झकपक चाकं देऊ आपण."

"आई, चाकं कुणी वाणात देतं का?"

"देणारी मी हाय. तू कशाला मधी मधी करतो?"

दाजींना हे कळलं तेव्हा ते "कशाला, कशाला" असं दोनदा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा म्हणायच्या ऐवजी चपला घालून बाहेर जाऊन उभे राहिले.

दुकानदार बिचारा भला होता. "सर, इलेक्ट्रिकला एवढं मोठं नका घेऊ, रेंज पडेल, एका चार्जिंगमध्ये कमी पळेल," असं त्याने स्वच्छ सांगितलं. दाजींनी नाकातून 'हूं' काढला आणि दुकानातली सगळ्यात मोठी, चांदीसारखी चकाकणारी चाकं निवडली. टायर इतके रुंद की गाडीच्या अंगाबाहेर डोकावू लागले. कंपनीची मूळ चाकं पोत्यात घालून डिकीत गेली. घरी आल्यावर आईने गाडीला ओवाळलं, प्रत्येक चाकाला हळदकुंकू लावलं आणि प्रत्येकावर एकेक अनारसा ठेवला. तो टिकेना म्हणून दाजी स्वतः उकिडवे बसून अनारसा धरून राहिले. आई टाळ्या वाजवून हसली. अक्काही हसली. तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे.

पुढच्या रविवारी गाडी लोहा ओलांडून सोनखेडच्या अलीकडे बंद पडली.

मला फोन आला तेव्हा दाजी एका पिठाच्या गिरणीत होते. गिरणीवाल्याला काय पटवलं देव जाणे, त्याच्या प्लगला गाडी लावली होती, आणि ज्वारीचे डबे घेऊन रांगेत बसलेल्या बायका दाजींचा उद्धार करत होत्या. मी मोटारसायकलवर जाऊन पोचलो तर एक म्हातारी विचारत होती, "हे दळण कवा व्हायचं?" दाजी तिला बॅटरी समजावून सांगत होते. कारण विचारलं तर मला म्हणाले, "हवा उलटी हाय आज." त्याच्या पुढच्या खेपेला उन्हाचं कारण निघालं. मग एसीचं. मग अक्काने सोबत घेतलेल्या लोणच्याच्या बरण्यांचं. चाकांचा घेर वाढल्यामुळे मीटरसुद्धा कमी किलोमीटर दाखवू लागला होता, त्यावर हा फिजिक्सचा मास्तर मला सांगतो, "मेव्हणे, नांदेड जवळ आलंय." मी म्हटलं, "दाजी, तुम्हीच शिकवता ना? जड चाक, रुंद टायर?" "ते पेपरासाठी," दाजी म्हणाले. मी हात टेकले.

आता त्यांना अहमदपूरला थांबून चार्जिंग करावं लागायचं. तिथल्या चार्जरची तऱ्हा काय वर्णावी! एकदा लाईट नाही, एकदा मशीनच बंद, एकदा त्याच्यापुढे कुणीतरी डिझेलची गाडी लावून ढाब्यावर जेवायला बसलेलं. सगळं उरकून दोघं नांदेडला पोचेपर्यंत सूर्य डोक्यावर यायचा, आणि आई धुरकट झालेली असायची. न्याहारीच्या वेळी ती माझ्याजवळ दहादा विचारायची, "पोरगी निघाली का? कुठवर आली?" मी म्हणायचो, अहमदपूर. ती फाटकाकडे बघत खुर्चीत बसून राहायची. आणि अक्का उंबऱ्यात पाय ठेवायची तेव्हा आई तिला म्हणायची, "बसा बाई. तुम्ही कुणाच्या?"

एका रविवारी असंच झालं आणि अक्का स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडली. माझा संताप अनावर झाला. ओसरीत दाजींना गाठून मी म्हटलं, "दाजी, ती जुनी चाकं बसवा. आजच्या आज. तुमच्या हौसेपायी आईची सकाळची ती एक वेळ हातची चाललीय. परत नाही यायची ती वेळ!" दाजी खाली बघून म्हणाले, "वाण हाय ते. वाण काढत नसतेत." मी म्हटलं, "खड्ड्यात गेलं वाण." असं मी त्यांच्याशी जन्मात बोललो नव्हतो. गाडीला लावलेली वायर दाजींनी सावकाश गुंडाळली.

पुढच्या रविवारी न्याहारीच्या आधीच फाटकाशी हॉर्न वाजला. बघतो तो गाडी जुन्या बारक्या चाकांवर उभी! अक्का धावतच उतरली. आई खुर्चीत होती, केस विंचरलेले, डोळे स्वच्छ. तिने आधी गाडीकडे बघितलं, मग अक्काकडे, मग परत गाडीकडे. आणि म्हणाली, "हे आमचे जावई न्हाईत. आमच्या जावयाच्या गाडीला माझी चाकं हायेत, चांदीची."

"आई, मी आलेय ना," अक्का म्हणाली.

"माझी पोरगी चांदीच्या चाकावर येती," आई म्हणाली, आणि तिने मान फिरवली.

काय बोलायचं सांगा. लेकीचं नाव गेलं, तोंड गेलं, आणि राहिली ती चार चाकं. स्वतःच्या हाताने हळदकुंकू लावलेली. ती लावावीत तर गाडी वेळेवर पोचत नाही, काढावीत तर पोचून उपयोग नाही. मी डोकं धरून पायरीवर बसलो. अक्का माझ्या शेजारी बसली. फक्त दाजी उभे होते, आणि त्यांच्या नाकातून 'हूं' असा आवाज आला.

त्यानंतर काय झालं कळेना, पण दोघं दर रविवारी वेळेत येऊ लागले, आणि तेही चांदीच्या चाकांवर. आई फाटकापर्यंत जाऊन चाकांवर हात फिरवायची, "आले ग बाई जावई," म्हणायची आणि मग अक्काचा हात धरून तिला आत न्यायची. मला वाटलं, दाजींनी बॅटरीच बदलली की काय, ह्या माणसाचा नेम नाही. शेवटी एका रविवारी मी न्याहारीच्या आधीच नांदेडच्या वेशीवरच्या लातूर फाट्याकडे निघालो. फाट्याच्या अलीकडे मौलाभाईचं पंक्चरचं दुकान आहे. तिथे गाडी जॅकवर चढवलेली. दाजी रविवारचा पांढरा शर्ट घालून उकिडवे बसले होते आणि पान्ह्याने नट खोलत होते. अक्का पदरात नट धरून उभी होती. मौलाभाई एकेक चांदीचं चाक पोत्यातून काढून, फडक्याने पुसून पुढे ढकलत होता. येताना जुन्या चाकांवर यायचं, इथे बदलायचं, नांदेडात चांदीच्या चाकांवर शिरायचं, आणि संध्याकाळी परत इथेच उलट. दर रविवारी.

"सलाम," मौलाभाई मला म्हणाला. "सरांची चाकं संदुकीत ठेवल्यावानी ठेवून राहिलो म्या. आपल्या अम्मीची चीज हाय म्हणले सर."

मी दाजींच्या बाजूला बसलो. म्हटलं, "दाजी, म्हणजे तुम्हाला कळत होतं? चाकांमुळेच होतंय ते?"

"मेव्हणे, फिजिक्स शिकवतो मी," दाजी नट आवळत म्हणाले. "पहिल्याच रविवारी, गिरणीत बसल्या बसल्या गणित काढलं व्हतं. समदं बरोबर बसलं."

"मग हवा उलटी, ऊन, लोणचं, हे सगळं काय होतं?"

"सकाळच्या पारी सासूबाईंना समदं कळतं. त्यांच्या वाणापायीच लेक अडकून पडली, हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर? म्हणून म्हणलं, हवेवर ढकलू. हवेला काय वाईट वाटत न्हाई."

अक्काने पदरातला एक नट त्यांच्या हातावर ठेवला. मी दुसऱ्या बाजूचं चाक धरायला उठलो. ते विलक्षण जड होतं.

असे बरेच रविवार गेले. मीही कधी कधी पान्हा धरायला जायचो. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं ते कुणाला चुकलंय? सकाळची ती वेळ आखडत आखडत गेली. मागच्या महिन्यात एका रविवारी दोघं अगदी वेळेत आले, चाकं उन्हात लखलखत होती, आणि आई खुर्चीतून उठलीच नाही. अक्काने हाक मारली. आईने नुसतं बघितलं. अक्काचा चेहरा मला बघवेना. दाजींनी आईला हाताला धरून हळूहळू फाटकापर्यंत आणलं, खाली बसून रुमालाने चाक पुसलं आणि म्हणाले, "बघा तर खरं. कशी हायेत?"

आईने वाकून बघितलं. दारी आलेल्या परक्या माणसाशी बोलावं तशा आदबीने म्हणाली, "लई छान. कुणी दिली तुम्हाला?"

दाजींनी रुमालाची घडी करून तो खिशात ठेवला. "माझ्या सासूनं दिली," दाजी म्हणाले. "धोंड्याचं वाण."

"असं?" आई म्हणाली. "मायाळू बाई दिसती. तिच्याकडं जात जा बाबा अधूनमधून. म्हाताऱ्या माणसाला वाट बघायची सवय असती. लेकीला घेऊन जात जा."

"जातो," दाजी म्हणाले. "दर रविवारी जातो."

आईने समाधानाने मान हलवली. अक्काने पुढे होऊन तिचा दुसरा हात धरला, आणि आईनेही तो राहू दिला. संध्याकाळी निघताना दाजींनी चपला घातल्या, चष्म्याची नळी नीट केली आणि माझ्याकडे बघितलं. किती टक्के, ते काही बोलले नाहीत. मला ते ऐकायचं होतं, काहीही आकडा चालला असता. गाडी निघाली आणि फाट्याच्या दिशेने वळली, मौलाभाईकडे.